एका गाईच्या निमित्ताने परभणी

परभणीला हौसेने सहलीला गेलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. लोक महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात, चार पैसे गाठीला असले तर काश्मीरही करून येतात. परभणीला जायचे ते बदलीच्या हुकमावर, नाही तर जवळच्या नात्यातले लग्न चुकवता येत नाही म्हणून! ‘बनी तो बनी, नही तो परभणी’ ही म्हण कोणाही परभणीकराला ऐकवून पाहा. तो मुळीच रागावत नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे उलट ठणकावून सांगतो आणि वर चहा पाजतो. खरी परभणी या दोन म्हणींच्या मध्ये कोठेतरी आहे, आणि ती पाहायला दोन-चार दिवस सवड काढून जावे अशी आहे.

आमचे जाणे झाले ते आत्यामुळे. गंगाखेडच्या वाटेवरील एका लहानशा गावात तिचे घर आहे. ‘पोळ्याला या, पोळ्याला या’ असे ती दरवर्षी म्हणते आणि पोळा दरवर्षी आमच्याशिवाय होतो. या खेपेस पोळा होऊन आठवडा लोटल्यावर का होईना, मी आणि आमच्या सौ. तपोवन एक्स्प्रेसमध्ये बसलो. रात्रीच्या गाड्याही आहेत, पण मराठवाडा पाहायचा तर दिवसाच्या गाडीने. मनमाड सोडले की डोंगर हळूहळू मागे सरतात. छत्रपती संभाजीनगर गेले, जालना गेले, परतूर, सेलू, मानवत रोड ही स्टेशने एकामागून एक येऊ लागली की दोन्ही बाजूंना काळ्या मातीचा सपाट मुलूख पसरतो. भाद्रपदाचे दिवस असल्याने ती माती कोठे दिसतच नव्हती. कपाशी, तूर, सोयाबीन, हिरव्याच्या साऱ्या छटा! दुष्काळी मराठवाडा म्हणून जे चित्र आपण शहरात बसून रंगवलेले असते, ते या दिवसांत साफ खोटे ठरते. उन्हाळ्यात यावे, म्हणजे खरेही ठरते.

परभणी हा एके काळी निजामाच्या राज्यातला जिल्हा. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला, आणि आता परभणीकडे नऊ तालुके आहेत. शहरात शाह तुराबुल हक यांचा दर्गा आहे. फेब्रुवारीत तेथे उरूस भरतो आणि त्याला सगळ्या जातीधर्मांची माणसे जातात. पण शहराचा खरा मान आहे तो १९७२ साली स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचा. आता त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. पशुवैद्यक महाविद्यालय त्याच वर्षीचे. ते आज नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे आहे.

गृहिणींनी या विद्यापीठाचे नाव ऐकले नसले, तरी त्याचे देणे त्यांच्या कढईत पडलेले असण्याचा संभव आहे. ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात इथली. पानांच्या शिरा पिवळ्या पाडून भेंडीचे पीक बसवणारा एक रोग आहे. त्याला तोंड देण्याचे बळ या जातीच्या अंगातच आणले गेले. रोगावर बाहेरून औषध मारणे एक, आणि अंगचे बळ वाढवणे दुसरे. विद्यापीठाच्या फाटकावरून जाताना रिक्षावाल्याने मोठ्या अभिमानाने सांगितलेली ही भेंडीची गोष्ट दुसऱ्या दिवशी मला अगदी वेगळ्या संदर्भात आठवणार होती.

परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णी लागते. तेथे नृसिंहाचे जुने देवस्थान आहे. दर्शन घेऊन आम्ही संध्याकाळी आत्याकडे पोचलो. जोंधळ्याची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि लाल ठेचा. सौ.नी ठेच्याला बोट लावले आणि तांब्याभर पाणी प्याल्या. आत्या मनमुराद हसली. पण नेहमीप्रमाणे ताटात दही मात्र आले नाही. ‘घरी दोन गाई असून दही नाही?’ असे मी सहज विचारले, तशी ती गप्प झाली. आतेभाऊच म्हणाला, “दादा, सकाळी गोठ्यात या, मग सांगतो.”

गोठ्यात दोन गाई होत्या. एक लाल कंधारी. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या नावाने ओळखली जाणारी ही जात परभणी-लातूरकडेही घरोघरी दिसते. गडद लाल अंग, काजळ घातल्यासारखे डोळे, लांब कान. दूध बेताचे, पण उन्हातान्हात, कमी चाऱ्यावर कुरकुर न करणारी. या जातीचे बैल म्हणजे इकडच्या शेतकऱ्याचा जीव. दुसरी संकरित, काळ्यापांढऱ्या रंगाची. आतेभावाने कर्ज काढून आणलेली. तिच्याच दुधावर कर्जाचा हप्ता आणि पुतणीचे परभणीचे शिक्षण चालले होते.

“हिचा सड पुन्हा दगड होऊ लालाय,” आतेभाऊ म्हणाला.

खेड्यात या रोगाला ‘दगडी’ म्हणतात. पुस्तकी नाव कासदाह किंवा स्तनदाह. कास सुजते, तापते, हाताला घट्ट लागते, दुधात गाठी येतात. पावसाळ्यात गोठा ओला राहिला की अधिक. एकदा झाली, औषधाने उतरली, तर ठीक. पण या गाईच्या मागच्या उजव्या सडाला वर्षात चौथ्यांदा झाली होती. दर वेळी इंजेक्शने, सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा. दर वेळी आठ दिवस बरे वाटायचे आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आणि दह्याचे कोडे येथेच उलगडले. प्रतिजैविक औषध दिलेल्या गाईच्या दुधात ते औषध काही दिवस उतरत राहते. उकळूनही ते बहुतांशी जात नाही. विरजणातले जंतूही त्याने मरतात, म्हणून अशा दुधाचे दही नीट लागत नाही. औषधाच्या वेष्टनावर जितके दिवस लिहिलेले असतात, तितके दिवस ते दूध कोणी प्यायचे नाही आणि विकायचेही नाही. आतेभावाने हिशेब केला होता. हप्ता तोंडावर होता. “तीन सडांचं दूध तर चांगलं दिसतंय आई, डेअरीत कोण बघतंय?” असे तो म्हणाला होता. औषध एका सडात सोडले तरी ते दूध सगळ्याच सडांचे वर्ज्य, आणि इंजेक्शन तर अंगभर जाते. आत्याने चरवी उचलली आणि उकिरड्यावर ओतली. “मुंबईला माझी नातवंडं चहा पितात,” एवढेच ती म्हणाली. कंधारीचे शेरभर दूध वासराला आणि चहाला. दह्याला उरणार काय?

सौ.नी माझ्याकडे पाहिले. सकाळी दाराशी पडणाऱ्या पिशवीमागे कोणाकोणाच्या गोठ्यातले असे झगडे असतात, ते आपल्या मनात कधी येत नाही.

नऊच्या सुमारास पशुवैद्य आले. परभणीच्याच महाविद्यालयात शिकलेले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि तरी पंचक्रोशीत मोटारसायकलवरून फिरणारे. त्यांनी पिशवीतून चार खळग्यांचे एक पसरट भांडे काढले. प्रत्येक सडाचे थोडे दूध एकेका खळग्यात, त्यात तितकेच जांभळट औषध, आणि भांडे हलकेच गोल फिरवले. तीन खळग्यांत दूध होते तसेच राहिले. चौथ्यात बघता बघता खळीसारखे दाट झाले.

“ही कॅलिफोर्नियाची परीक्षा,” डॉक्टर म्हणाले. “१९५७ सालची, अजून हिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. रोगाशी लढायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी सडात उतरतात. त्या फुटून दूध असं दाट होतं. लढाई चालू आहे, पण जिंकत कोणी नाही.”

मी विचारले, “डॉक्टरसाहेब, एवढी औषधं देऊन जंतू मरत कसा नाही? औषध बनावट का?”

“औषध खरं आहे हो. पण जंतू मुरलेला आहे.”

मग गोठ्याच्या ओट्यावर बसून, चहा घेत, त्यांनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत देतो.

असल्या जुनाट दगडीमागे बहुधा एक जंतू असतो, स्टॅफिलोकोकस ऑरियस. द्राक्षाच्या घोसासारखा दिसणारा. माणसाच्या गळवातही तोच, हाडाच्या जुन्या जखमेतही तोच. तो चार युक्त्या करतो. पहिली, आपल्याभोवती बुळबुळीत थर विणतो. नदीच्या घाटावर शेवाळलेली पायरी असते ना, वरून कितीही पाणी ओता, शेवाळ हलत नाही, तसा. दुसरी, कासेच्याच पेशींच्या आत जाऊन लपतो. तिसरी, झोप काढतो. पेनिसिलिनसारखी औषधे जंतूची भिंत उभी होत असताना तिच्यात खोट आणतात. जो बांधकामच थांबवून स्वस्थ पडला, त्याचे ती काय करणार? आणि चौथी, त्याच्याभोवती शरीरच गाठ बांधते, तिच्या कठीण कवचातून रक्त नीट पोचत नाही. मग रक्तातून जाणारे औषध तरी कसे पोचावे? या सगळ्यांवर कडी म्हणजे काही जंतू औषधाला सरावतात. अलेक्झांडर फ्लेमिंगला १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले आणि १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यानेच बजावले होते, की अपुरी मात्रा दिली तर जंतू मरायचे नाहीत, उलट निर्ढावतील.

आपल्या पिंपरीला १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा जंतूंचे राज्य आता संपलेच असे पुष्कळांना वाटले असेल. संपले नाही. २०१९ मध्ये कोलिस्टिन हे अखेरचे अस्त्र मानले जाणारे औषध खाद्योपयोगी जनावरांना देण्यावर भारत सरकारला बंदी घालावी लागली, ती याच धास्तीने.

“मग यावर उपाय?” सौ.नी विचारले.

“उपाय शोधताहेत, वहिनी. आणि मला त्यातली गंमत वाटते, कारण तो नव्या औषधाचा शोध नाही. शरीरालाच जागं करण्याचा आहे.”

डॉक्टर बोलत होते ते मूलपेशींविषयी, ज्यांना वर्तमानपत्रांत स्टेम सेल म्हणतात. हाडाच्या मज्जेत आणि चरबीत एका प्रकारच्या मूलपेशी असतात. त्यांतून हाड, कूर्चा, चरबी घडू शकते, म्हणून झिजलेले सांधे दुरुस्त करण्यासाठी लोक त्यांच्याकडे वळले. पण काम करता करता निराळाच गुण दिसला. या पेशी जंतूंवरही चालून जातात. जंतू मारणारी छोटी प्रथिने त्या स्वतः तयार करतात, असे माणसाच्या पेशींवरील एका संशोधनात २०१० साली दाखवले गेले. शिवाय त्या पांढऱ्या पेशींना हाका मारून बोलावतात, त्यांची भूक वाढवतात, आणि जखम भरून आणणाऱ्या पेशींना कामाला लावतात.

“आपल्याकडं जागल्या असतो ना गावात? तसं,” डॉक्टर आतेभावाला म्हणाले. “चोर आला की एकटा जागल्या काय करील? त्याच्या हातात काठी असते, चार रट्टे तोही हाणतो. पण त्याचं खरं काम गाव उठवायचं.”

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी या जागल्याची आणि औषधाची जोडी लावून पाहिली. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी हे त्या संस्थेचे पूर्ण नाव, आणि तेथील पशुवैद्यक शाखा नावाजलेली आहे. त्यांनी मूलपेशींना आधी एक द्रव्य दाखवले. विषाणू आला आहे असा त्या द्रव्याने पेशींना भास होतो आणि त्या खडबडून जाग्या होतात. मग उंदरांच्या अंगात जाळीच्या तुकड्यावर मुरवलेल्या जंतूंवर अशा जाग्या पेशी आणि नेहमीचे प्रतिजैविक अशी दोन्ही एकत्र दिली. नुसत्या औषधाने जे साधले नव्हते, ते जोडीने साधले; जंतूंची संख्या घटली. त्यापुढे, कोणत्याच औषधाला दाद न देणाऱ्या जुन्या जखमांनी बेजार झालेल्या लोकांच्या घरच्या कुत्र्यांना हा उपचार दिला, तेव्हा जंतू हटले आणि जखमा भरल्या. हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये घोड्यांच्या सांध्यांत औषधाला न जुमानणारे जंतू सोडून प्रयोग झाला. नुसत्या व्हँकोमायसिनपेक्षा मूलपेशींसह दिलेल्या व्हँकोमायसिनने घोड्यांच्या वेदना आणि जंतू दोन्ही अधिक कमी झाले.

“आणि गाईचं?” आतेभाऊ पुढे सरकला. हप्त्याचा धनी तो. त्याला कुत्र्याघोड्यांत रस कसा असणार?

गाईवरचा प्रयोग दक्षिण अमेरिकेतील चिलीचा, २०२० सालचा. तेथील संशोधकांनी मुद्दाम दगडी उत्पन्न केलेल्या गाईंच्या सडांत दुसऱ्या गाईच्या चरबीतल्या मूलपेशी सोडल्या. गाईंना अपाय झाला नाही, आणि नुसते पाणचट द्रावण सोडलेल्या सडांपेक्षा त्या सडांत जंतू कमी झाले.

आतेभाऊ ताडकन म्हणाला, “मग डॉक्टरसाहेब, हिला तेच देऊन टाका की! काय लागंल ते बघू.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. मला वाटते, सकाळपासूनचे सगळ्यांत अवघड काम त्यांनी आता केले. ते म्हणाले, “देता येत नाही, बाबा. चिलीतली दगडी ताजी होती, हिची जुनी आहे. तिथं पेशी एकट्या दिल्या, औषधाची जोड देऊन नव्हे. या पेशी निर्जंतुक प्रयोगशाळेत वाढवाव्या लागतात, थंडीत जपाव्या लागतात. माझ्या मोटारसायकलच्या डिकीत त्या मावायच्या नाहीत. उद्या कोणी बाटली घेऊन दारात आला आणि म्हणाला, ही स्टेम सेलची जादू आहे, तर त्याला आल्या पावली परत पाठव.”

हा इशारा शहरातल्या वाचकांसाठी तर अधिकच मोलाचा आहे. गुडघेदुखीपासून मुलांच्या मंदत्वापर्यंत सगळ्यांवर मूलपेशींचा इलाज करू म्हणणाऱ्या जाहिराती आपण पाहतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही विकारांसाठी होणारे मज्जारोपण सोडले, तर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. आशा खरी असली, म्हणजे तिच्या नावावर दुकान थाटणारेही निघतातच.

“मग आज काय करायचं ते सांगा,” आत्या म्हणाली. इतका वेळ ती गाईच्या पाठीवरून हात फिरवत उभी होती.

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. दूध तपासणीला परभणीला पाठवायचे, जंतू कोणत्या औषधाला वाकतो ते पाहायचे, आणि गाय आटवताना तेच औषध पूर्ण मात्रेत द्यायचे. त्यानेही न भागले तर तो सड कायमचा आटवून टाकायचा आणि तीन सडांवर गाय चालवायची. तोपर्यंत आजारी सड सगळ्यांत शेवटी पिळायचा, कारण पिळणाऱ्याच्या हातानेच रोग एका सडाचा दुसऱ्याला जातो. धार काढण्याआधी आणि नंतर सड धुवायचे, औषधात बुडवायचे, गोठा कोरडा ठेवायचा. आणि पाचव्यांदा तेच इंजेक्शन अंदाजाने टोचायचे नाही.

“चौथा सड गेला तर हप्ता?” आतेभावाने विचारले.

“हप्ता लांबेल,” आत्या म्हणाली. “पण जनावर राहील. आन् लोकांच्या घरात इष जाणार नाही.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. डॉक्टरांनी दूध बाटलीत भरून घेतले आणि फी न घेता मोटारसायकल सुरू केली. मला रिक्षावाल्याची भेंडी आठवली. परभणीच्या मातीत हा विचार मुळीच परका नाही. फवारा हवाच, पण अंगचे बळही हवे. तिकडे मोठमोठ्या प्रयोगशाळांत जे चालले आहे, त्याचे मर्म हेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही गंगाखेडला गेलो. गोदावरी दुथडी भरून वाहत होती. हे संत जनाबाईंचे जन्मगाव. पंढरपुरी नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता ज्यांनी अभंग रचले, त्या येथल्या. घाटावर बाया धुणी धूत होत्या. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून सौ. जपून पाऊल टाकत होत्या, आणि एक आजी वाळूने नि करवंटीने पायरी खरवडून मग तीवर पाणी ओतत होती. “आधी खरवडल्याबिगर शेवाळ निघत न्हाई, बाई,” असे तिने सौ.ना सांगितले. डॉक्टरांचे अर्ध्या तासाचे व्याख्यान तिने एका वाक्यात संपवले!

मुंबईला परतल्यावर तीन आठवड्यांनी आतेभावाचा फोन आला. तपासणीचा कागद आला होता. वर्षभर जे इंजेक्शन टोचत होते, त्याला तो जंतू मुळी दादच देत नव्हता. दुसरे एक औषध लागू पडेल असे दिसले होते. गाय गाभण आहे. आटवताना ते औषध देणार, आणि सड वाचला तर वाचला. कर्जाची मुदत वाढवून मिळाली आहे. पुतणी म्हणते आहे, मला पशुवैद्यक महाविद्यालयातच जायचे. आत्याने मागून ओरडून सांगितले, “तिला म्हणावं, त्या जागल्याचं औषध तूच शिकून ये!”

दिवाळीची सुरुवात वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने होते. शहरात आता गाय मिळत नाही, म्हणून पाटावर चित्र काढून आपण ओवाळतो. यंदा ओवाळताना आमच्या घरी त्या चित्रातली गाय काळीपांढरी असेल, हे ठरले आहे. तिचे सड किती काढायचे, यावर मात्र सौ. आणि मी यांच्यात अजून एकमत नाही. मी तीन म्हणतो. त्या म्हणतात, “चारच काढा. अजून काय झालंय?”